चुळबुळणारे मूल आणि आपला सत्संग



जूनच्या पहिल्या आठवड्यात लखनौजवळच्या मलिहाबादला सत्संगासाठी जाणे झाले. दशहरी आंब्याचा हा मुलूख. आंबे उतरवण्याचे दिवस, बागेच्या कडेला मांडव, खाली सतरंज्या. लखनौत नोकरीनिमित्त राहणारे एक मराठी कुटुंब आले होते, सोबत साडेतीन वर्षांचा मुलगा. पहिले भजन त्याने ऐकले. मग सतरंजीचे दोरे उपटले, आईच्या पदरात डोके खुपसले, आणि ध्यान सुरू होताच मोठ्याने विचारले, "आई, देव झोपलाय का?" दोघे-तिघे हसले. काही माना रागाने वळल्या. आई त्याला उचलून बाहेर गेली, ती परत आलीच नाही. प्रसादाच्या वेळी मला म्हणाली, "काका, हा शाळेत जायला लागेपर्यंत मी आता येत नाही. उगीच सगळ्यांना त्रास."

खरे सांगतो, वळलेल्या मानांत एक मान माझीही होती.

व्यासपीठावरून आपण नामदेवांची कथा किती प्रेमाने सांगतो! देवाने नैवेद्य खाल्लाच पाहिजे म्हणून हटून बसलेला तो लहानगा नामा. तोच आपल्या शेजारी येऊन बसला तर आपण त्याला गप्प करू. मार्काच्या शुभवर्तमानात लोक मुलांना येशूकडे आणतात आणि शिष्य त्यांना दटावतात. येशू रागावले ते शिष्यांवर. म्हणजे ही अडचण जुनी आहे, आणि ती बहुतेक मोठ्यांचीच आहे.

मूल शांत बसूच शकत नाही, हेही खरे नाही. मारिया मॉन्टेसरी १९३९ साली भारतात आल्या. त्यांच्या पद्धतीत मौनाचा एक खेळ आहे. मुले हालचाल थांबवतात, बारीकसारीक आवाज ऐकतात, आणि कोणी हळूच नाव पुकारले की पाय न वाजवता उठून जातात. तेच मूल, जे आपल्याकडे दोन मिनिटे टिकत नाही! फरक इतकाच की तिथले मौन त्याचे स्वतःचे असते. त्याआधी बार्सिलोनाच्या शाळेत त्यांनी मुलांकडून गहू आणि द्राक्षे लावून घेतली होती. चर्चच्या उपासनेत भाकर आणि द्राक्षरस लागतो, तो मुलांच्या हातच्या पिकातून यावा म्हणून. ज्या पूजेत आपले काही आहे, तिथे मूल पाहुणे राहत नाही.

आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला गेले. तिथली आदिवासी मुले गुरांमागे रानात जात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे तिचे नाव.

याचा अर्थ मुलाने काहीही करावे असा नाही. रडू लागले की बाहेर न्यावेच. पण शिक्षा म्हणून नको, आणि शांत झाल्यावर परत आणावे. दरवेळी आईनेच उठावे असेही कुठे लिहिलेले नाही. वडिलांचे ध्यान काही जास्त मौल्यवान नसते. हातात मोबाईल देणे हा उपाय मात्र मला पटत नाही. मूल गप्प होते, पण मग ते सत्संगात उरतच नाही. त्यापेक्षा त्याची चुळबुळ परवडली. घरी रोज दिवा लावताना दोन मिनिटे शेजारी बसवले, तर मांडवातले दहा मिनिटांचे बसणे त्याला परके वाटत नाही.

मी त्या ताईची माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी येण्याची विनंती केली. ती आली. यावेळी त्यांना कडेला, झाडांच्या बाजूला जागा दिली. आरतीची घंटा मुलाकडे सोपवली. घंटा कधी वाजवायची या काळजीत तो भजनभर माझ्या तोंडाकडे पाहत होता. ध्यानाच्या वेळी वडील त्याला बागेत घेऊन गेले, पुन्हा आत आणले, पुन्हा नेले. शेवटी आंब्याच्या फोडींचे ताट घेऊन तो रांगेतून निघाला आणि अर्ध्या फोडी सतरंजीवर सांडल्या. शेजारच्या आजोबांनी काही न बोलता त्या वेचून दिल्या.

आई शेवटपर्यंत बसून होती.