श्रावणबाळाची कावड

म्हाताऱ्या माणसांना कोणी सांभाळायचे, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेक जण लगेच उत्तर देतील, "मुलांनी." आणि पुराव्यादाखल श्रावणबाळाचे नाव घेतील. लहानपणी ऐकलेली ती गोष्ट आपल्या मनात घट्ट बसली आहे. आंधळे आईबाप, खांद्यावरची कावड आणि त्यांना यात्रेला घेऊन निघालेला मुलगा. महाराष्ट्र सरकारने तर वृद्धांच्या योजनेलाच त्याचे नाव दिले आहे. 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' असे तिचे पूर्ण नाव. पासष्टी गाठलेल्या निराधार वृद्धांना तिच्यातून २०२३ पासून दरमहा १५०० रुपये मिळतात.

आम्ही सीमाभागातली माणसे. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर ती योजना सुरू होते आणि आमच्या बाजूला तिच्या जागी कर्नाटकाची 'संध्या सुरक्षा' असते. चंदगड तालुक्यात दिलेल्या बहिणीला श्रावणबाळ आणि खानापूर तालुक्यातल्या तिच्या भावाला संध्या सुरक्षा, अशी घरे आमच्याकडे पुष्कळ. हद्दीवर राहण्याचे तोटे आम्हांला पाठ आहेत. फायदा एवढाच की दोन सरकारे एकदम दिसतात. दोन्हींकडे पाहून माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला आहे. वृद्धांसाठी सरकार जे काही करते, ते दान म्हणून करते की देणे म्हणून? प्रश्न तात्त्विक वाटेल. पण खिडकीपुढच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला बसायला खुर्ची मिळते की नाही, हे शेवटी याच्याच उत्तरावर ठरते.

ऋणाचा विचार आपल्याला नवा नाही. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही तीन ऋणे कीर्तना-प्रवचनांतून सर्वांना ठाऊक आहेत. शतपथ ब्राह्मणात मात्र चौथेही सांगितले आहे, मनुष्यऋण. माणूस जन्मतो तोच ही ऋणे घेऊन, आणि माणसांचे ऋण फेडायचे ते त्यांना आसरा व अन्न देऊन, असा तेथील आशय आहे. महाभारताच्या आदिपर्वातही ही चार ऋणे येतात. पितृऋण ज्याचे त्याचे. माझ्या वडिलांचे मी फेडावे. मनुष्यऋण मात्र असे वाटून देता येत नाही. ज्या रस्त्याने मी रोज शाळेत जातो, त्याची खडी फोडणारी बाई माझ्या नात्यातली नव्हती. निपाणीच्या वखारींत तंबाखूची धूळ खात ज्यांचे आयुष्य गेले, वडगाव-शहापूरच्या मागांवर ज्यांची पाठ वाकली, उसाच्या फडात ज्यांचे हात सोलवटले, त्यांच्या कष्टांवर हा जिल्हा उभा राहिला. माझी शाळा आणि माझा पगारही त्यावरच उभा आहे. त्यांतल्या कोणाला मूल नसेल, किंवा असून नसल्यासारखे असेल, तर हे ऋण फेडायचे कोणी? एकट्यादुकट्याचे ते काम नव्हे. सर्वांच्या वतीने देणी भागवण्यासाठी आपण जी व्यवस्था उभी केली, तिलाच आपण सरकार म्हणतो.

आपल्या घटनेने हे देणे मान्य केले आहे. कलम ४१ मध्ये बेकारी, आजार, अपंगत्व यांच्या जोडीला वार्धक्याचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अशा वेळी सरकारने साहाय्य करावे असे म्हटले आहे. मात्र ते 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. शिवाय कलम ३७ प्रमाणे ही तत्त्वे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत. म्हणजे देणे कबूल, पण वसुलीचा दावा लावता येणार नाही. गावातल्या तोंडी उधारीचा हा प्रकार आहे. ती फिटते ती देणाऱ्याच्या सचोटीवर.

सरकारी कागदांवर या रकमेला साहाय्य, अनुदान, मासाशन अशी नावे आहेत. आमच्याकडे म्हातारी माणसे तिला सरळ 'पगार' म्हणतात. "पगार आला का गं?" असे एक आजी दुसरीला विचारते. शिकलेली माणसे यावर हसतात. मला मात्र ही म्हातारीच शब्द बिनचूक वापरते असे वाटते. पगार केलेल्या कामाचा मिळतो. काम आधीच होऊन गेले आहे. मोबदला तेवढा राहिला आहे.

आता हा पगार किती, ते पाहा. राष्ट्रीय पातळीवर १५ ऑगस्ट १९९५ ला वृद्धांसाठी योजना सुरू झाली, तेव्हा केंद्राचा वाटा महिन्याला ७५ रुपये होता. २००७ मध्ये योजनेला इंदिरा गांधींचे नाव मिळाले, त्या वेळी तो २०० रुपये होता. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धांसाठी तो आजही २०० रुपयेच आहे. दिवसाला सात रुपयेसुद्धा पडत नाहीत. राज्ये स्वतःचा पैसा घालतात म्हणून संध्या सुरक्षेचे १२०० रुपये होतात. माझ्या पगारात महागाई भत्ता असतो आणि तो वर्षातून दोनदा वाढतो. या पगाराला तो नाही. तो वाढतो ते अर्थसंकल्प मांडणाऱ्याच्या मनात आले म्हणजे. दान द्यायचे असेल तर हे चालेल, पण देणे असेल तर बाजारभावाबरोबर ते आपोआप वाढले पाहिजे. राज्य सरकारांनी करण्याजोगी ही पहिली गोष्ट.

दुसरी गोष्ट चालण्याची. मागे आमच्या गल्लीतल्या एका आजींचा पगार तीन महिने थांबला. सत्तरीपर्यंत त्यांनी मागासाठी कांड्या भरल्या होत्या. सुताने बोटांच्या रेषा झिजल्या, आणि यंत्राने अंगठा ओळखला नाही. खिडकीपलीकडचा मुलगा काही वाईट नव्हता. "आज्जी, पुढच्या आठवड्यात या," असे तो नम्रपणे म्हणाला. पुढच्या आठवड्यातही अंगठा तोच होता! ज्या कष्टांचे देणे लागतो, त्या कष्टांनीच पुरावा पुसून टाकला. यावर उपाय नाही असे नाही. निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय २०२१ मध्येच आली. टपाल खात्याची बँक २०१८ पासून आहे, तिचा पोस्टमन दारात पैसे देऊ शकतो. शिधापत्रिकेवर प्रत्येकाचे वय लिहिलेले असते, मग पासष्टावे वर्ष लागल्याचे सरकारला म्हाताऱ्याने येऊन कशाला सांगायचे? कर्नाटक सरकारने २०२१ मध्ये घरपोच मासाशनाचा प्रयत्न याच विचाराने सुरू केला. तो चांगला होता आणि प्रत्येक खेड्यापर्यंत तो पुरा व्हायला हवा.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर मी २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आठवण देईन. पंच्याऐंशी वर्षांवरील मतदारांना घरी मतदान करण्याची सोय त्या वेळी होती. अधिकारी, पोलीस, चित्रण करणारा, मतपत्रिका असे सगळे पथक एका खाटेपर्यंत जात होते. आम्हां शिक्षकमंडळींना निवडणुकीची कामे नेहमीचीच, त्यामुळे हे जवळून पाहायला मिळाले. पथक पाहून म्हातारी माणसे संकोचत आणि मनातून सुखावतही. मत घ्यायला जे पाय उंबरठ्यापर्यंत येतात, त्यांना पगार घेऊन यायला जड का जावे?

तिसरी गोष्ट भाषेची. येथे मी सीमाप्रश्नाविषयी लिहीत नाही. तो दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि कोणाचेही म्हातारपण निकालासाठी थांबून राहत नाही. आज जो ऐंशी वर्षांचा आहे तो १ नोव्हेंबर १९५६ ला दहा-अकरा वर्षांचा होता. शाळेत गेला तो मुंबई राज्यात, चौथी-पाचवीत असताना तो म्हैसूर राज्यात आला, आणि १९७३ नंतर कर्नाटकात. या सगळ्यात तो आपल्या गल्लीतून हललेला नाही. त्याच्या नातवाला कन्नड सफाईने लिहिता-वाचता येते, आणि ते चांगलेच आहे. पण नातू पुण्याला किंवा बंगळूरला नोकरीला गेला की आजोबांच्या हातातला अर्ज मुका होतो. कोठे सही करायची ते परक्या माणसाने बोट ठेवून दाखवायचे, आणि यांनी विश्वासाने करायची. हीच अवस्था जत-अक्कलकोटकडच्या कन्नड आजोबांची मराठी अर्जापुढे होते. दुःखाला राज्यभाषा नसते. गाऱ्हाण्याचे निवेदन देशात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा हक्क घटनेच्या कलम ३५० ने दिला आहे. भाषिक अल्पसंख्य १५ ते २० टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनातच सुचवलेले आहे. निदान वृद्धांचा अर्ज दोन्ही भाषांत छापावा. एका पानाला दोन बाजू असतातच.

बसचेही तेच. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे. कर्नाटकात जून २०२३ पासून राज्यातल्या स्त्रियांना सरकारी साध्या बसला तिकीट पडत नाही. दोन्ही सवलती हद्दीपाशी संपतात. चंदगडकडची म्हातारी औषधपाण्यासाठी बेळगावला येते, तेव्हा शिनोळीपुढे तिचे वय मोजले जात नाही. दोन राज्यांनी बसून निदान सीमेलगतच्या तालुक्यांपुरता हा हिशोब जुळवला, तर कोणाचाही दावा कमकुवत होणार नाही.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो भल्या माणसांचा आहे. सरकारनेच सगळे केले तर मुले आपले कर्तव्य विसरतील, कुटुंब मोडेल, असे ते म्हणतात. या भीतीत तथ्य असते तर मला हा लेख लिहवला नसता. पण मी घरांत पाहतो ते वेगळे आहे. हातात स्वतःचे हजार-बाराशे रुपये असलेली आजी नातवाला खाऊला दहा रुपये देते, चतुर्थीला स्वतःच्या पैशाने फुले आणते, आणि घरातल्या बोलण्यात तिचा शब्द पडू लागतो. पैशाने माया विकत मिळत नाही हे खरे. पण लाचारी कमी झाली की मायेला जागा होते. उलट बाजूने कायदाही आहे. २००७ च्या कायद्यानुसार आईवडील न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मागू शकतात. कायदा आवश्यकच होता, पण किती आया पोटच्या मुलावर अर्ज करतील? उपाशी राहतील, पण "तो बघतो हो माझ्याकडे" असेच सांगतील. तिच्या या अब्रूची किंमत सरकारला कळायला हवी. मुलाकडून मागण्यापेक्षा सर्वांच्या देण्यातून घेणे तिला सोपे जाते, कारण त्यात कोणाची बदनामी नाही.

त्याच कायद्यात राज्यांनी प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० गरजूंची सोय होईल असे एक वृद्धाश्रम उभारावे असे सुचवले आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांवर होती. देशात साठीपुढची माणसे त्या वेळी ८.६ टक्के होती. तेच प्रमाण धरले तर जिल्ह्यात चार लाखांवर वृद्ध होतात. त्यांच्यासाठी दीडशे खाटा! वृद्धाश्रम जरूर व्हावेत, पण बहुतेकांचे म्हातारपण राहत्या घरीच जाणार, म्हणून सेवाही घरीच जायला हवी. केरळने २००८ मध्ये अंथरुणाला खिळलेल्यांच्या शुश्रूषेचे धोरण केले, आणि पंचायतीमार्फत परिचारिका घरोघरी जाऊ लागल्या. केरळ काही श्रीमंतीने ओसंडणारे राज्य नाही.

कर्नाटकात 'सकाल' कायद्याप्रमाणे सरकारी कामाला मुदत आहे. उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये, जास्तीत जास्त पाचशे, अशी भरपाईही आहे. हे तत्त्व मोलाचे आहे. पण तिशीतल्या माणसाचा महिना आणि अठ्ठ्याहत्तरीतल्या माणसाचा महिना सारखा नसतो. तरुणाला उशिरा मिळते, म्हाताऱ्याला कधीकधी मिळतच नाही. त्याचा अर्ज रांगेत सर्वांच्या पुढे असावा, यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

शेवटी पुन्हा श्रावणबाळाची गोष्ट. ती आपण मुलांना सांगतो ती मातृपितृभक्तीची म्हणून. पण तिचा उत्तरार्ध नीट आठवून पाहा. इतका गुणी मुलगा, तरी एका बाणाने तो गेला आणि आंधळे आईबाप रानात तहानलेले राहिले. म्हणजे एका मुलाच्या खांद्यावर दोन म्हातारपणांचा सारा भार ठेवणे किती धोक्याचे, हेही ती गोष्ट सांगते. आणि तो बाण कोणाचा होता? राजाचा. दशरथाने त्या दोघांना दरबारात बोलावले नाही, हयातीचा दाखला मागितला नाही. पाण्याचा कलश उचलून तो स्वतः त्यांच्यापर्यंत चालत गेला. पुढे शाप मिळाला तोही त्याने ऐकून घेतला.

ज्या सरकारने योजनेला श्रावणबाळाचे नाव दिले त्याने, आणि नाव न देणाऱ्यानेही, एवढे ध्यानात ठेवावे की कावड उचलायची असते. आईबापांना कावडीपर्यंत चालत यायला सांगायचे नसते.