हिशेब मांडणाऱ्याचा रस्ता

फोर्टातल्या नोकरीमुळे बोरीबंदर ते फ्लोरा फाउंटन हा दादाभाई नौरोजी रस्ता माझ्या चांगला पायाखालचा. भर पावसातही त्याचा बराचसा भाग छत्री न उघडता चालता येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे इमारत बांधणाऱ्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा आडोसा ठेवावा, असा नियम झाला. त्याचे सुख आपण आजही भोगतो. त्या घडीव दगडी खांबांना टेकून पट्टे, पाकिटे, घड्याळे विकणारे फेरीवाले बसतात आणि गर्दी त्यांच्यामधून वाट काढत पुढे सरकते.

हा पूर्वीचा हॉर्नबी रोड. विल्यम हॉर्नबी १७७१ ते १७८४ या काळात मुंबईचा गव्हर्नर होता. महालक्ष्मी आणि वरळीमधले समुद्राचे पाणी अडवणारा बांध त्याच्याच कारकिर्दीतला. पुढे १८६०च्या दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली, रस्ता रुंदावला, आणि कंपन्या, बँका, दुकाने यांच्या देखण्या इमारती उभ्या राहिल्या.

थोरांची नावे रस्त्यांना सर्रास दिली जातात. तो माणूस आणि तो रस्ता यांचे नाते मात्र क्वचितच जुळते. इथे ते जुळले आहे. साम्राज्याच्या व्यापाराची श्रीमंती मिरवणाऱ्या या रस्त्याला, देशातली संपत्ती कुठे वाहून जाते याचा हिशेब मांडणाऱ्याचे नाव मिळाले. दादाभाईंनी सरकारच्याच आकडेवारीवरून दाखवून दिले, की हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न वर्षाला अवघे २० रुपये आहे. माणसाला जगायला किती लागते, हे त्यांनी तुरुंगातल्या कैद्यांवर होणाऱ्या खर्चावरून काढले. कैद्याला मिळते तेवढेही रयतेच्या वाट्याला येत नाही, हे त्यातून उघडे पडले. १८९२ मध्ये ते ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेले आणि हाच हिशेब त्यांनी राज्यकर्त्यांच्या दारात नेऊन ठेवला.

फ्लोरा फाउंटनच्या टोकाला त्यांचा पुतळा आहे. जाणारे-येणारे या रस्त्याला 'डी. एन. रोड' म्हणतात. त्यात गैर काही नाही. रोजच्या वापरात नावे आखूड होतातच. पण नाव दिले की सन्मान पुरा झाला, असे मला वाटत नाही. या कमानींखाली दिवसभर उभा राहणारा फेरीवाला संध्याकाळी घरी किती नेतो आणि तेवढ्यात त्याचे घर चालते का, हा प्रश्न थेट दादाभाईंचा आहे. तो आकडेवारीनिशी विचारत राहणे, हेच या नावाला जागणे.