चार मिनिटांचे पुण्य

आपल्या हातून घडलेल्या पुण्याचा हिशेब ठेवण्याची माणसाला मोठी हौस असते. गेली दोन वर्षे रोज सकाळी घरातली कॉफी मी करतो, आणि हे पुण्य माझ्या नावावर ठळक अक्षरांत जमा झाले आहे, अशी परवापरवापर्यंत माझी समजूत होती.

ही कॉफी साधीसुधी नव्हे. बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या धाकट्या भावाने चिनी मातीची एक शंकूसारखी गाळणी आणून दिली, तेव्हापासून मी तिच्या नादी लागलो. गाळणीत कागद बसवायचा, त्यात १५ ग्रॅम जाडसर पूड घालायची आणि उकळलेले पाणी किंचित निवू द्यायचे. ते ९२ ते ९६ अंशांच्या आसपास असावे, असे जाणकार म्हणतात. आधी थोडेसेच पाणी ओतायचे. पूड फुगून वर येते, तिच्यात कोंडलेला वायू बुडबुडे काढीत बाहेर पडतो. अर्धा मिनिट थांबायचे. मग बारीक धार धरून, गोल गोल फिरवीत, सावकाश २५० मिलिलिटर पाणी पुरे करायचे. सारी मिळून चार मिनिटे. तेवढ्या वेळात शाळेच्या वह्या, अडलेले प्रकरण, घराचे हप्ते, काही म्हणता काही आठवत नाही. कुणी देवापुढे बसतो, मी गाळणीपुढे उभा राहतो, इतकेच.

परवा भावाचा फोन आला. "दादा, यंदा पाडव्याला तुला आणि वहिनीला एक यंत्र पाठवतो. पाणी तेच तापवतं, तेच मोजतं, मध्ये थांबायचं तेवढं थांबतं, आणि धारसुद्धा तेच धरतं. तू नुसती कळ दाबायची!"

खरे सांगायचे तर मला राग आला. मी हिच्यासाठी प्रेमाने केलेला पेला आणि कळ दाबून निघालेला पेला सारखाच का? यंत्राच्या धारेला माया कुठली? मास्तरच मी. मुद्दे मांडू लागलो आणि इतिहासातले दाखलेही शोधू लागलो. त्यात मेलिटा बेंट्झ भेटली. ही जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातली गृहिणी. कॉफी पिताना तोंडात येणाऱ्या गाळाला ती कंटाळली होती. तिने पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोके पाडली, मुलाच्या शाळेच्या वहीतला टीपकागद वर घातला आणि त्यातून कॉफी गाळली. १९०८ साली तिला त्याचे पेटंट मिळाले. पुढे १९५४ मध्ये जर्मनीतच गॉटलोब विडमन याने विजेवर चालणारे ठिबक-कॉफीचे यंत्र काढले. 'पहा,' मी मनाशी म्हणालो, 'बाईने कॉफीला हात दिला आणि बुवाने तो काढून घेतला!' वाक्य मला फार आवडले.

ते ऐकवायला मी स्वयंपाकघरात गेलो. ही मोरीपाशी भांडी विसळत होती. सगळे ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, "अहो, ते यंत्र गाळणी धुतं का?"

"नाही."

"चोथा टाकतं? ओट्यावर सांडलेलं पुसतं?"

"तेही नाही."

"म्हणजे ते तुमचंच काम करणार. माझं आहे तिथंच राहणार."

मी गप्प झालो. माझी ती चार मिनिटे किटली घासून जागेवर आल्यानंतर सुरू होत आणि पेला भरताच संपत. त्याच्या आधीचे आणि नंतरचे सारे हिच्या वाट्याला. कामातला गोड तुकडा मी उचलला होता आणि त्यालाच सेवा म्हणत होतो.

मग आणखी एक आठवले. आमच्या घरी मिक्सर आला, त्या दिवशी पाट्या-वरवंट्याबरोबर हातची माया गेली म्हणून हिने डोळ्यांना पदर लावला नव्हता. मीही निबंध लिहिला नव्हता. जे काम नाही म्हणण्याची सोय नसते, त्याला साधना म्हणायला सवड कुणाला असते? मेलिटाबाईंनी तरी काय केले? पाणी ओतणे त्यांनी सोडले नाही, गाळाचा त्रास तेवढा घालवला. त्यांना नको ते कोणते आणि हवे ते कोणते, हे नेमके ठाऊक होते. यंत्राला पापपुण्य नाही. ज्याचे हात कापतात, ज्या घरात सकाळी सहाला चार माणसांना घाईने बाहेर पडायचे असते, त्यांना ते वरदानच. प्रश्न एवढाच, की ओझे कुणाचे उतरते आणि त्याच्यावर ते होते का?

भावाला कळवले, "यंत्र नको. पाठवायचेच तर गाळणीच्या कागदांची जुडी पाठव." आणि दुसऱ्या दिवसापासून किटली, गाळणी, ओटा माझ्याकडे घेतला. चोथा गुलाबाच्या कुंडीत जातो. चार मिनिटांची आता अकरा झाली आहेत. उरलेल्या सातांत साधना वगैरे काही वाटत नाही.

पहिल्या दिवशी मी गाळणी धुऊन पालथी घातली. हिने ती उचलली, खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि काही न बोलता पुन्हा एकदा धुतली.