धर्मांतर कोणाचें?

धर्मांतराची गोष्ट निघाली कीं आपलें लक्ष बहुधा जाणाऱ्याकडे असतें. त्यानें काय सोडलें, श्रद्धेनें सोडलें कीं लोभानें, मागें घरांत कोण रडत बसलें, याची चर्चा होते. तो ज्या घरांत शिरला त्या घराला काय करावें लागलें, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. आरंभींच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास वाचतांना मला हाच प्रश्न अधिक अवघड वाटतो.

येशूचे पहिले अनुयायी यहुदी होते. मोशाचें नियमशास्त्र, सुंता, भक्ष्याभक्ष्याचे निर्बंध हें सारें ते पाळीत. पुढें अंत्युखियांत ग्रीक लोक मंडळींत येऊं लागले, आणि यांनीं आधीं यहुदी झालें पाहिजे कीं काय, असा पेंच पडला. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमांत प्रमुखांची बैठक भरली. सुंतेची अट नको. मूर्तीला वाहिलेलें अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचें मांस व जारकर्म एवढें वर्ज्य करावें, असें तेथें ठरल्याचें ‘प्रेषितांचीं कृत्यें’ या ग्रंथांत सांगितलें आहे.

परंतु अशा तत्त्वाची कसोटी पंक्तीला लागते, हें मराठी वाचकाला सांगावयास नको. पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत अशी एक हकीकत आहे. पेत्र अंत्युखियास परक्यांबरोबर जेवत असे. याकोबाकडून कांहीं माणसें आलीं, तेव्हां तो भ्याला व निराळा बसूं लागला. त्याचें पाहून इतर यहुदीहि उठले. पौलाचा सोबती बर्णबादेखील त्या लाटेंत वाहवला. पौलानें सर्वांसमक्ष पेत्राला दोष दिला. तूं तोंडानें कांहीं न म्हणतां या लोकांना यहुदी व्हावयास भाग पाडतोस, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता.

मला पेत्राचा राग येत नाहीं. त्याचें मत पालटलें नव्हतें; आपल्या माणसांपुढें तो ओशाळला, इतकेंच. पुण्याच्या पंचहौद मिशनांत १८९० सालीं घेतलेल्या चहापायीं रानड्यांसारख्या पुरुषानेंहि पुढें प्रायश्चित्त घेतलें, हें आठवलें म्हणजे पेत्राला हंसण्याचा धीर होत नाहीं. यरुशलेमच्या लोकांनाहि कोत्या मनाचे म्हणून सोडून देणें न्यायाचें नव्हे. ज्या आहारनियमांसाठीं त्यांच्या पूर्वजांनीं अंत्युख राजाच्या छळांत प्राण दिले, ते कोणा नवख्याच्या सोयीसाठीं सैल करावयाचे, हें दुःख लहान नव्हतें. तरीहि पौलाचेंच म्हणणें मला खरें वाटतें. दार उघडें ठेवून पान निराळें मांडणें, हें दार लावण्याहून अधिक अपमानाचें आहे. आलेल्यानें सर्वस्व सोडावयाचें आणि घेणाऱ्यानें पाटसुद्धां हलवावयाचा नाहीं, याला स्वागत कसें म्हणावें?

चौथ्या शतकांत सारा रंग बदलला. ३१३ सालीं छळ थांबला, ३८० सालीं राजाज्ञेनें त्रैक्यवादी ख्रिस्ती मत हाच साम्राज्याचा धर्म ठरला. पूर्वीं येणाराला जिवाची भीति होती. आतां न येणाराला नुकसानीची भीति वाटूं लागली. ऑगस्टिनाचें उदाहरण मला या बाबतींत फार बोचतें. आईचे अश्रु, मित्रांचे वाद, मनाची वर्षानुवर्षांची ओढाताण यांतून तो ३८७ सालीं, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, बाप्तिस्म्यापर्यंत पोंचला. कोणी शिपाई त्याच्या दाराशीं आला नव्हता. तोच ऑगस्टिन ४०८ च्या सुमारास, बिशप असतांना, फुटून निघालेल्या दोनाटिस्ट पंथीयांविरुद्धच्या बादशाही कायद्यांचें समर्थन करतो. सक्ती करूं नये असेंच आपलें पूर्वीं मत होतें; परंतु कायद्याच्या भयानें आपलें स्वतःचें गांव परत मंडळींत आलेलें पाहिलें व तें मत सोडलें, असें तो एका पत्रांत लिहितो. देहान्त शिक्षा मात्र देऊं नये, अशी विनवणी त्यानें अधिकाऱ्यांना केली होती.