चांगल्या शासकालाही मर्यादा का?

शासक सज्जन आणि ईशभीरू असेल तर त्याला संविधानाने बांधून ठेवण्याची गरज काय, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकजण करतात. वरवर तो रास्त वाटतो. परंतु खलीफापदी निवड होताच हजरत अबू बकर (रजि.) यांनी लोकांना काय सांगितले ते आठवा: मी योग्य वागलो तर साहाय्य करा, चुकलो तर मला सरळ करा. त्यांच्याहून अधिक ईशभीरू शासक आपण कोठून आणणार? सत्ता ही अमानत आहे. तिचा हिशेब मागण्यात अमानतदाराचा अपमान नाही.

मात्र हिशेब मागणाराच तुरुंगात असेल तर? जून १९७५ मध्ये आणीबाणी आली. ४ जुलैला जमाअते इस्लामी हिंद आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ या परस्परविरोधी विचारांच्या संघटनांवर एकदमच बंदी घातली गेली आणि दोहोंचे कार्यकर्ते गजाआड झाले. आपली अटक बेकायदा आहे, एवढे तरी न्यायालयात म्हणता येईल काय? अनेक उच्च न्यायालये 'होय' म्हणाली. सर्वोच्च न्यायालय २८ एप्रिल १९७६ रोजी, चार विरुद्ध एक मतांनी, 'नाही' म्हणाले. पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तर, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी सुनावणीत विचारले होते. आणीबाणी असेपर्यंत दाद नाही, हे सरकारच्या महान्यायवादींचे उत्तर होते!

संविधान तेच, पाचही न्यायाधीशांसमोरचे अनुच्छेद २१ तेच. विरोधी निकाल लिहिला एकट्या खन्ना यांनी. बहुमतात न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्ला बेग होते, हे आपण झाकून ठेवू नये. साक्ष स्वतःच्या, मातापित्यांच्या वा आप्तांच्या विरुद्ध गेली तरी न्यायाची बाजू सोडू नका, ही कुरआनची (४:१३५) आज्ञा आहे. ती येथे कोणी पाळली, हे नावावरून ठरवू नका. जानेवारी १९७७ मध्ये ज्येष्ठ खन्ना यांना डावलून बेग सरन्यायाधीश झाले. खन्ना यांनी राजीनामा दिला.

मग कागदाचा उपयोग काय, असे विचारणारे यातले अर्धेच पाहतात. त्याच संविधानात दुरुस्तीची वाट होती. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ चे संरक्षण आणीबाणीतही स्थगित करण्याचा अधिकार सरकारकडून काढून घेतला. आणि २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने १९७६ चा तो निकाल चुकीचा ठरवला. त्यातील एक प्रमुख निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे आहे. १९७६ च्या त्या चौघांत त्यांचे वडील यशवंत चंद्रचूड होते.