धुराड्याचा हिशेब

दिवाळीत पणत्यांबरोबर आपण विजेच्या माळाही लावतो. त्यातली काही वीज रायचूरजवळच्या शक्तिनगरसारख्या केंद्रांत कोळसा जाळून तयार होते. तिथून किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे कसे ठरवायचे?

गणित शाळकरी मुलालाही जमेल. वजनाने १२ भाग कार्बन पूर्ण जळाला की ४४ भाग वायू. म्हणजे एका किलोचे सुमारे ३.६७ किलो. पण कोळसा म्हणजे निव्वळ कार्बन नव्हे. आपल्याकडच्या कोळशात बऱ्याचदा तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही अधिक राखच असते. तेव्हा नमुना कोणत्या वाघिणीतून घेतला, यावर उत्तर बदलते. २०१५ साली ‘नेचर’मधल्या एका अभ्यासात चिनी कोळशाचा उत्सर्जन-गुणांक प्रचलित आंतरराष्ट्रीय गुणांकापेक्षा सरासरी ४० टक्क्यांनी कमी आढळला.

मग आधीचे सारे खोटे बोलत होते का? नाही. अंदाज चुकणे हे पाप नव्हे. परीक्षकाचाही अर्धा गुण इकडेतिकडे होतो. पण तो अर्धा गुण नेहमी आपल्याच मुलाकडे झुकू लागला, की ती चूक राहत नाही.

म्हणून कोळशाच्या वजनावरून एक आणि धुराड्यातल्या मापकावरून दुसरा, असे दोन्ही हिशेब शेजारी मांडावेत. फरक झाकू नये. सोयीची दुरुस्ती कोणीही स्वीकारतो. गैरसोयीची स्वीकारणे, हीच सचोटीची परीक्षा. कारण या खात्याचा धनको अजून जन्मायचा आहे. वही तपासायला तो इथे हजर नाही.