किरकोळ उपद्रव आणि साधकाची शांती

॥ श्रीचक्रधराय नमः ॥

साधनमार्गातील विघ्नांचा विचार करताना सामान्यतः मोठ्या विघ्नांकडेच लक्ष जाते. रोग, वियोग, द्रव्यनाश, लोकापवाद ह्यांविषयी निरूपणे होतात, आणि ती व्हावयासही हवीत. परंतु मोठ्या आघाताच्या वेळी मनुष्य एका अर्थाने सावध असतो. घरात मृत्यू घडला की ज्याने वर्षभर नाम घेतले नाही तोही ईश्वराला हाक मारतो; आप्तेष्ट धीर देतात; महंत येऊन जीवाच्या संसरणाचे निरूपण करतात. नळाचे पाणी मध्येच गेले, गाडी वीस मिनिटे उशिरा आली, शेजाऱ्याने आपल्या दारात चपला काढल्या, तर सांत्वनाला कोणी येत नाही आणि नामही आठवत नाही. आपण ईश्वराला विसरलो, ही जाणीवसुद्धा तेथे होत नाही. मोठे दुःख वर्षा-दोन वर्षांनी एकदा येते. किरकोळ उपद्रव दिवसातून वीस वेळा येतो. आयुष्याची बेरीज केली तर साधकाचा अधिक काळ कोणाच्या हाती जातो, हे सांगावयास नको.

हा विचार वनात राहून करण्यापेक्षा मुंबईच्या उपनगरात करणे अधिक उचित होईल. चेंबूर आणि मानखुर्द ह्यांच्या मध्ये, गोवंडीला लागून देवनार ही वस्ती आहे. मुंबई शहराचा कचरा १९२७ सालापासून येथे आणून टाकला जात आहे. मुंबईचा पूर्वी वांद्र्याला असलेला कत्तलखानाही १९७१ साली येथेच आला. ज्या दोन गोष्टी नगराला हव्या असतात पण डोळ्यांसमोर नको असतात, त्या दोन्ही ह्या एका गावाच्या वाट्याला आल्या. अहिंसेचे व्रत घेतलेल्या एखाद्या वासनिकाला चाकरीमुळे ह्याच ठिकाणी राहावे लागले, तर त्याचा दिवस कसा जाईल, हे मनासमोर आणावे.

पहाटे नित्यविधीसाठी तो उठतो. वारा खाडीकडून वाहत असेल तर खिडकी उघडताच कुजक्या कचऱ्याचा दर्प आत येतो. खिडकी लावावी तर उकडते. स्मरणाला बसावे तोच पाणी आल्याची हाक येते, आणि बादली अर्धी भरली नाही तोच धार बारीक होते. रिक्षावाला जवळचे भाडे म्हणून नकार देतो. गोवंडी स्थानकावर हार्बर मार्गाची गाडी अगोदरच भरून आलेली असते. कोणाची छत्री कुशीत रुतते, कोणाचा डबा गुडघ्याला लागतो. कार्यालयात वरिष्ठ एक शब्द अधिक बोलतात. संध्याकाळी तो ह्याच मार्गाने परततो, आणि घरात पाऊल टाकताच लहान मुलाच्या हातून पाण्याचा पेला सांडतो. त्या क्षणी तो मुलावर असा ओरडतो की घर स्तब्ध होते.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, दिवसभरात ज्यांनी त्याला त्रास दिला त्यांपैकी कोणावरही तो रागावला नाही. रिक्षावाल्याला तो काही बोलला नाही. छत्रीवाल्याला बोलला नाही. वरिष्ठांपुढे तर मान तुकवून उभा होता. राग निघाला तो ज्याने त्याचे काहीच केले नव्हते त्या मुलावर. मग सकाळपासून संध्याकाळपर्यंत हा राग कोठे होता?

दृष्टांत

ह्याचे उत्तर देवनारच्याच भूमीत आहे. १९२६ साली जेथे डोंगर नव्हता तेथे आज कचऱ्याचे डोंगर उभे आहेत. महानगरपालिकेने २०२५ साली हा जुना कचरा उपसून हटविण्यासाठी निविदा काढली, तेव्हा त्याचे परिमाण सुमारे १८५ लाख टन धरले होते. ह्यातील एकही टन एकदम पडलेला नाही. भाजीची देठे, फुटका डबा, फाटका कपडा, कागद असे घरोघरचे किरकोळ काही रोज टाकले गेले. ते टाकणाऱ्याला वाटले, गेले. ते गेले नाही. एकावर एक साचत राहिले. वरचे थर खालच्या थरांना दाबतात, आत हवा पोचत नाही, आणि हवेवाचून कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून ज्वालाग्राही वायू उत्पन्न होतो. बाहेरून डोंगर शांत दिसतो. वर गवतही उगवते. आत ऊब धरलेली असते.

२०१६ सालच्या जानेवारीच्या अखेरीस ह्या डोंगराने पेट घेतला. दिवसेंदिवस धूर निघत राहिला. अवकाशातून घेतलेल्या छायाचित्रांतही तो दिसला. आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग विझली असे वाटले, आणि मार्च महिन्यात तेथे पुन्हा आग भडकली. अशा आगीवर वरून पाण्याचे फवारे मारले तरी ते खोल पोचत नाहीत. वरची ज्वाळा शमते, आतला निखारा धुमसत राहतो. ती खरोखर विझवावयाची तर थर उलथावे लागतात, जळते बाहेर काढावे लागते, माती घालून तिची हवा तोडावी लागते. आणि सर्वांत उत्तम उपाय म्हणजे ओले आणि सुके घरीच वेगळे करणे, जेणेकरून डोंगर होणारच नाही.

दार्ष्टांतिक

तैसेच साधकाच्या ठायी होय. रिक्षावाल्याचा नकार हा भाजीच्या देठाएवढाच. तो साधकाने गिळला आणि त्याला वाटले, आपण सहन केले. परंतु गिळणे म्हणजे सहन करणे नव्हे. सहन केलेले नाहीसे होते, गिळलेले साचते. त्यावर छत्रीचे टोक पडले, त्यावर वरिष्ठांचा शब्द पडला, प्रत्येक थराने खालचा थर दाबला. मुखावर शांती दिसत होती. वर गवत उगवले होते. मुलाचा पेला ही केवळ ठिणगी होय. म्हणून ‘मुलाने राग आणला’ हे म्हणणे अन्यथाज्ञानाचा प्रकार होय. राग अगोदरच होता. त्याला निघण्यास निर्भय वाट हवी होती, आणि दुर्बळाच्या दिशेने ती नेहमीच मोकळी असते.

वरवरच्या उपायांचेही असेच आहे. घटकाभर करमणूक केली, चहा घेतला, दुसऱ्याजवळ गाऱ्हाणे सांगितले की ज्वाळा शमते. जानेवारीची आग विझली असे वाटते आणि मार्च येतो. थर उलथल्यावाचून, म्हणजे स्वतःच्या अंतःकरणात डोकावून ‘येथे मला नेमके काय लागले?’ असे विचारल्यावाचून, निखारा सापडत नाही.

असे विचारले असता बहुतेक वेळी आढळते की अंगाला लागले ते थोडे, आणि अहंतेला लागले ते फार. गाडी उशिरा आली ह्यात वीस मिनिटे गेली. परंतु ‘माझी वीस मिनिटे’ ह्या ‘माझी’मध्ये सारा दिवस गेला. जगाने आपल्या सोयीने चालावे अशी एक आज्ञा जीव मनोमन काढीत असतो. जीव स्वतः बद्ध. अनादी अविद्येने वेढलेला. नित्यमुक्त तो एक परमेश्वर. तरीही हा बद्ध जीव वाऱ्याला, नळाला, आगगाडीला आज्ञा करतो, आणि ती मोडली की आपला अपमान झाला असे मानतो. किरकोळ उपद्रव ही अशा रीतीने जीवाला जीवत्वाची आठवण करून देणारी घटना आहे. ती आठवण घेतली तर तोच उपद्रव उपकारक ठरतो.

चरित्रातील आधार

म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून लीळा मिळविल्या. त्या लीळाचरित्रात मोठे प्रसंग आहेत तसेच जेवण, निजणे, वाटचाल, बाइसांची परिचर्या, भक्तांची आपसातील बोलाचाली हेही आले आहे. काही अभ्यासकांना हा तपशील क्षुल्लक वाटतो. वस्तुतः दैनंदिन व्यवहार कसा करावा ह्याचे शिक्षण त्यातूनच मिळते. परमेश्वराने क्षुल्लक प्रसंगीही जीवाचा सांभाळ केला; मग साधकाने क्षुल्लक प्रसंगी आचार सोडून कसे चालेल?

श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र ह्या विषयात विशेष मननीय आहे. ऋद्धिपुरात प्रभूंची चेष्टा पिशाच्चवत होती. ते कोणाच्याही घरात शिरत, हवे ते घेत, रागावत, रुसत, मनास येईल तसे मागत. लौकिक दृष्टीने पाहिले तर असा सहवास म्हणजे क्षणोक्षणीचा उपद्रव. परंतु सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यादी भक्त ह्याच सन्निधानी येऊन राहिले, आणि त्यांनी वर्षानुवर्षे ही सेवा भाग्य मानून केली. अवेळीची हाक, अनपेक्षित मागणी, कारणावाचूनचा कोप ही सारी त्यांच्या वाट्याला आली. ती त्यांना जाचली नाहीत, कारण समोर कोण आहे हे त्यांना ठाऊक होते. एकच गोष्ट ओळख नसताना उपद्रव होते, आणि ओळख पटली असता सेवा होते.

येथे कोणी म्हणेल की रिक्षावाला काही परमेश्वर नव्हे. खरे आहे. चारही पदार्थ भिन्न आहेत. जीव तो जीवच, त्याच्या ठायी परमेश्वरबुद्धी करणे आपल्या शास्त्राला संमत नाही. परंतु तोही आपल्यासारखाच उद्धरणाची वाट पाहणारा जीव आहे, एवढी ओळख ठेवण्यास कोणतीच अडचण नाही. आणि तेवढी ओळखही निखारा विझविण्यास पुरेशी आहे.

विकल्पाचा धोका

देवनारच्या वासनिकापुढे ह्याहून कठीण असा एक प्रश्न आहे. जनावरांनी भरलेल्या गाड्या त्याच्या डोळ्यांसमोरून जातात. त्याचे मन कळवळते, आणि ते कळवळलेच पाहिजे. ज्याचे कळवळत नाही त्याची अहिंसा शब्दापुरती होय. पण हळूहळू ह्या कळवळ्यात दुसरेच काही मिसळते. पशूविषयीची करुणा मागे राहते, आणि तेथे राबणाऱ्या माणसांविषयी, त्यांच्या वस्तीविषयी, त्यांच्या लेकराबाळांविषयी किळस पुढे येते. हा विकल्प होय. विकार, विकल्प आणि हिंसा ही तिन्ही वर्ज्य सांगितली आहेत. हिंसेच्या तिरस्काराने विकल्प पोसला तर एक दोष टाळण्यासाठी दुसरा जोडल्यासारखे झाले.

ससिकरक्षणाची लीळा सर्वांना परिचित आहे. पाठलागाने घाबरलेला ससा स्वामींच्या आश्रयाला आला. स्वामींनी त्याला पारध्यांच्या हाती दिले नाही. त्याचबरोबर त्यांनी पारध्यांनाही झिडकारले नाही. त्यांच्याशी ते बोलले, त्यांना हिताचे सांगितले. सशावर कृपा आणि पारध्यावर कोप अशी वाटणी तेथे नाही. दोघेही जीव, दोघांवरही कृपा. देवनारच्या रस्त्याने जाताना ह्या लीळेचे स्मरण करणे हे तेथील वासनिकाचे निमित्तविधीसारखेच कर्तव्य मानावे.

आक्षेप आणि समाधान

आक्षेप असा की, ह्या विचाराने मनुष्य निष्क्रिय होईल. धूर आला तरी स्मरण करीत बसेल. समाधान असे की, परिहार आणि क्षोभ ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. धुराविरुद्ध अर्ज करावा, सभेत बोलावे, आपल्या घरचा कचरा वेगळा करून द्यावा; हा परिहार होय. तो क्षोभावाचून करता येतो, आणि तसाच केलेला अधिक काळ टिकतो. क्षुब्ध मनुष्य एक दिवस ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो.

दुसरे असे की, उपद्रव किरकोळ आहे की नाही हे ज्याने त्याने स्वतःपुरते ठरवावे. चेंबूरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला जो धूर गैरसोय वाटतो, तोच डोंगराच्या पायथ्याशी झोपडीत राहणाऱ्या बाळाचा श्वास कोंडतो. तेथे कचरा वेचून पोट भरणाऱ्या बाईला ‘सहन कर, सर्व किरकोळ आहे’ असे सांगणे हा उपदेश नसून निष्ठुरता होय. स्वतःचा त्रास लहान मानावा, दुसऱ्याचा मोठा मानावा. ह्याच्या उलट चालणारा साधक शास्त्रवचनांचा उपयोग आपल्या सोयीसाठी करीत असतो.

अनुसरलेल्यांसाठी

हे निरूपण वासनिकांपुरते आहे असे कोणी समजू नये. ज्याने घर सोडले, द्रव्य सोडले, आप्त सोडले, त्याच्याही मनाला पंगतीतील जागा, पोथी परत करताना दुमडलेले पान, निजण्याच्या वेळी शेजारच्याचे घोरणे, दंडवत घालताना झालेली क्रमाची चूक हे लागते. पर्वत ओलांडून आलेला पुरुष उंबरठ्याला ठेचाळावा तसा हा प्रकार आहे. भिक्षेच्या विधीत ह्यावर औषध सांगितले आहे. झोळीत जे पडेल ते घ्यावयाचे. आंबट, अळणी, कोरडे, ओले एकत्र होते. निवड करावयाची नाही. जो अन्नाविषयी हा आचार पाळतो त्याने दिवसाविषयीही तो पाळावा. दिवस हीही एक झोळीच आहे. तिच्यात लोक जे घालतील ते एकत्र होऊन येते.

आचार

असन्निधानीच्या ह्या काळात साधकाने पुढील तीन गोष्टी कराव्या. पहिली : वाट पाहण्याचा प्रत्येक प्रसंग स्मरणाचा मानावा. गाडी येईपर्यंत, रांग सरकेपर्यंत नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा ह्यांपैकी एक मनात धरावे. ज्याला ‘स्मरणाला वेळ मिळत नाही’ त्याला मुंबईसारखे नगर रोज घटका-दोन घटका देत असते. तो त्या चरफडण्यात घालवितो एवढेच. दुसरी : घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वी क्षणभर थांबावे, आणि दिवसभरात काय साचले ते एकेक करून पाहावे. ओले-सुके दारातच वेगळे करावे, आत नेऊ नये. तिसरी : रात्री अनुशोचन करावे, आणि ज्याच्यावर विनाकारण राग निघाला त्याची क्षमा मागावी. येथे पुष्कळांची चूक होते. ते देवापुढे दंडवत घालून क्षमा मागतात, आणि ज्या मुलावर ओरडले त्याला काहीच बोलत नाहीत. मुलगा मात्र भिऊन झोपलेला असतो. ईश्वराची क्षमा मागावीच. पण त्याअगोदर त्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवावा आणि ‘तुझे काही चुकले नव्हते’ असे त्याला सांगावे. बापाने मुलाची क्षमा मागितल्याने बापपण उणे होत नाही. त्या घरात धर्म आहे हे मुलाला प्रथम तेथे कळते.

तात्पर्य, मोठ्या दुःखात शांती राखणारे थोर होतच. परंतु तशी वेळ थोड्यांवर आणि क्वचित येते. अर्ध्या बादलीपाशी, भरलेल्या गाडीत, सांडलेल्या पेल्यापाशी शांती राखण्याची वेळ सर्वांवर रोज येते, आणि परमेश्वराने दिलेले ज्ञान जीवात किती मुरले ह्याची परीक्षा तेथेच होते. उद्या पहाटे वारा खाडीकडूनच वाहणार आहे. खिडकी उघडताना ज्याला प्रथम स्वामींचे नाम आठवेल, त्याचा नित्यविधी सुरू झाला असे समजावे.

दंडवत प्रणाम.